खाडीकाठच्या एसटीपीच्या पायपिंगला ३०४एल, ३१६एल की डुप्लेक्स?

निविदा_टेबल

नमस्कार मंडळी. कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावासाठी ३ एमएलडीचं (दिवसाला ३० लाख लिटर) एसबीआर पद्धतीचं (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन गाळ बसवण्याच्या) मैलाशुद्धीकरण केंद्र, म्हणजे एसटीपी, व्हायचंय. निविदेच्या मसुद्यात सगळ्या पायपिंगसमोर एकच ओळ आहे: 'एसएस ३०४, शेड्यूल १०' (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, शेड्यूल म्हणजे पाईपच्या भिंतीची जाडी). एवढ्यावर सही करायला मन धजत नाही.

लाईनी अशा. वेट वेलमधल्या (मैलापाणी गोळा होणाऱ्या विहिरीतल्या) सबमर्सिबल पंपांचे रायझर (उभे पाईप) आणि डिलिव्हरी, २०० एनबी (नाममात्र व्यास, मिमीत), एका पंपाला १६० घनमीटर प्रति तास. रूट्स ब्लोअरपासून टाक्यांपर्यंत हवेचा हेडर, २५० एनबी, ३० मीटर सरळ, उघड्यावर. हेडरवरून टाकीत उतरणारे १०० एनबीचे ड्रॉपर, तळाला यूपीव्हीसीच्या आडव्या फांद्या (लॅटरल) आणि हवेचे बुडबुडे सोडणारे मेम्ब्रेन डिफ्युझर, पाण्याची खोली ५.५ मीटर. जादा गाळाची लाईन १०० एनबी, २० घनमीटर प्रति तास, दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास. फॉस्फरससाठी फेरिक क्लोराईडचं डोसिंग, २५ एनबी. शेवटी हायपोक्लोराईट आणि क्लोरीन संपर्क टाकी.

पाण्याचा अहवाल एकच, तोही ऑगस्टचा: क्लोराईड १४० मिग्रॅ/लि, पीएच ७.२, सल्फाईडचा रकाना कोरा. गटारवाहिन्यांचा खालचा भाग भरतीच्या पातळीखाली आहे. सरसकट ३१६एल केलं तर भागेल का? डुप्लेक्सचा (दुहेरी रचनेच्या, महाग स्टेनलेसचा) खर्च कुठे करावा?

क्षारमापक

आधी तो ऑगस्टचा अहवाल बाजूला ठेवा. त्या महिन्यात गटारात पावसाचं पाणी असतं, त्यामुळे वर्षातला सगळ्यात सौम्य नमुना तुमच्या हातात आहे. निवड करायची ती सगळ्यात वाईट दिवसावर.

समुद्राच्या पाण्यात क्लोराईड साधारण १९,००० मिग्रॅ/लि असतं. गटारात ५ टक्के जरी खारं पाणी झिरपलं तरी त्याचेच ९५० झाले, १० टक्क्यांना १,९००. भरतीखालच्या जुन्या चेंबरांतून आणि सांध्यांतून एवढं पाणी सहज आत येतं. एप्रिल-मेमध्ये टंचाईमुळे मैलापाणी कमी होतं, खाडी मात्र तेवढीच असते, म्हणून तेव्हा खाऱ्या पाण्याचा वाटा वाढतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असतं. तेव्हा वेट वेलमधून २४ तास, दर दोन तासांनी नमुना घ्या. सोबत कंडक्टिव्हिटी मोजा, पण भिस्त सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनवर ठेवा. शिळ्या मैलापाण्यातलं सल्फाईड या टायट्रेशनमध्ये लुडबुड करून आकडा फुगवतं. नमुन्यात आधी हायड्रोजन पेरॉक्साईड घालून ते काढायला प्रयोगशाळेला बजावून सांगा.

आता मर्यादा. पीएच ६ ते ९, नेहमीचं तापमान आणि स्वच्छ केलेले वेल्ड असतील तर फटींतल्या गंजाच्या दृष्टीने सर्वसाधारणपणे धरले जाणारे आकडे असे: ३०४एल ला २०० मिग्रॅ/लि पर्यंत क्लोराईड, ३१६एल ला १,००० पर्यंत, २२०५ डुप्लेक्सला ३,६०० पर्यंत. यामागे पिटिंगला (खड्डे पडण्याला) विरोध करण्याचा अंक आहे, तो क्रोमियम अधिक ३.३ गुणिले मॉलिब्डेनम अधिक १६ गुणिले नायट्रोजन असा काढतात. ३०४एल चा १९ च्या आसपास, ३१६एल चा २४, २२०५ चा ३५. लीन डुप्लेक्स २३०४ आणि २१०१ दोन्ही २६ च्या घरात, म्हणजे ३१६एल पेक्षा जेमतेम वर. नावात डुप्लेक्स आहे म्हणून लीन ग्रेडला २२०५ च्या मापाने मोजू नका.

एक-दोन तासांचं शिखर आणि कायमची पातळी यांत फरक आहे. उधाणाला १,२०० गाठून एरवी ३०० वर राहणाऱ्या पाण्याला, वाहत्या आणि धुतल्या जाणाऱ्या लाईनीत मी ३१६एल देईन. महिन्यातले आठ-दहा दिवस १,५०० च्या वर राहणारं पाणी असेल तर रायझर २२०५ चे. पण तितकं खारं पाणी येत असेल तर ते आधी चेंबरांवरच अडवायला हवं, कारण तो क्षार जैविक प्रक्रियेलाही सोसत नाही आणि पंपांनाही.

रूटपास

ग्रेडवर चर्चा होतेच. पाईप फुटतो तो बहुतेक वेळा वेल्डपाशी, आणि त्या वेल्डबद्दल निविदेत एक ओळही नसते. म्हणून थोडं सविस्तर.

पहिलं म्हणजे '३०४' नको, '३०४एल' किंवा '३१६एल' लिहा. एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंत. साध्या ग्रेडमध्ये वेल्डशेजारचा पट्टा ४२५ ते ८५० अंशांत रेंगाळला की कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि कणांच्या कडा उघड्या पडतात. वेल्डिंगची फिलर वायर ३०४एल ला ईआर ३०८एल, ३१६एल ला ईआर ३१६एल, २२०५ ला ईआर २२०९. एसएस ते एमएस (साधं पोलाद) जोड टाळता येत नसेल तिथे ईआर ३०९एल.

दुसरं, आतून आर्गॉनचं पर्जिंग, म्हणजे पाईपमधली हवा आर्गॉनने बाहेर काढणं. हे सोडलं की रूटवर (वेल्डच्या आतल्या बाजूला) काळा, खरखरीत थर येतो. त्याखालच्या पातळ पट्ट्यातलं क्रोमियम कमी झालेलं असतं, म्हणजे ३१६एल चे पैसे देऊन ऐन वेल्डवर त्याहून हलका माल मिळाला. २०० एनबी, शेड्यूल १०एस मध्ये आतला व्यास २११.६ मिमी. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ३०० मिमीवर बांध घातले तर आतलं आकारमान सुमारे २१ लिटर. दहापट आर्गॉन जाऊ द्यायचा म्हणजे २१० लिटर, मिनिटाला १२ लिटरने साडेसतरा मिनिटं. आर्गॉन हवेपेक्षा जड, म्हणून आत सोडायचा खालून आणि बाहेर काढायचा वरून. ऑक्सिजन मीटरवर ५० पीपीएमच्या खाली आल्यावरच आर्क मारायचा. बांध पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे करा. स्पंजाचे तुकडे आत विसरतात आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये सापडतात.

रूटचा रंग फिका पिवळसर असेल तर ठीक. निळा, तपकिरी, राखाडी दिसला तर पिकलिंग (आम्लाने साफ करणं), नाहीतर सांधा कापा. एडब्ल्यूएस डी१८.२ चा रंगतक्ता निविदेला जोडा, म्हणजे साईटवर 'एवढं चालतं हो' हा वाद उरत नाही.

पिकलिंग पेस्ट नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची. कोकणातल्या हवेत ३१६एल ला अर्धा ते एक तास, डुप्लेक्सला त्याहून जास्त. नेमका वेळ आधी नमुन्याच्या तुकड्यावर ठरवा. पेस्ट वाळू द्यायची नाही, भर उन्हात लावायची नाही, आणि धुवायचं पाणी कमी क्लोराईडचं हवं. बोअरच्या मचूळ पाण्याने धुतलं तर केलेलं काम वाया गेलं. धुवण चुन्याने पीएच ७ ते ९ वर आणून, खाली बसलेला गाळ वेगळा काढा. ते थेट एसबीआरमध्ये सोडलं तर बॅक्टेरियांना फटका बसेल. आणि हायड्रोफ्लोरिक कातडीवर पडलं तर सुरुवातीला नीट जळजळतही नाही, पण आत हाडापर्यंत पोचतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल जागेवर नसेल तर काम सुरूच करू देऊ नका.

यातून निघणारी मुख्य गोष्ट ही: साईटवरच्या शेवटच्या सांध्याच्या आतल्या बाजूला पेस्ट पोचत नाही. म्हणून स्पूल (पाईपचे जोडून तयार केलेले तुकडे) वर्कशॉपमध्ये बनवा, अख्खे टाकीत बुडवून पिकल करा, तोंडं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करून आणा आणि साईटवर फक्त फ्लँजने जोडा. फ्लँज वाढल्याने खर्च थोडा वाढतो, तो मान्य करा.

वर्कशॉपही वेगळं हवं. एमएसवर चाललेला ग्राइंडिंग डिस्क किंवा वायर ब्रश एसएसवर चालला की लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्याच पावसात तांबूस ठिपके येतात. एमएसच्या घोड्यांवर लाकूड किंवा रबर ठेवा. गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेट एसएस पाईपला वेल्ड करायचा नाही. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, कणांच्या सीमांतून आत शिरतं आणि तडा जातो. हा तडा कधी लगेच दिसतो, कधी चाचणीत पाणी भरल्यावर.

डोसिंगलाईन

फेरिक क्लोराईडवर थोडक्यात: ३०४ नाही, ३१६ नाही, २२०५ सुद्धा नाही. प्रयोगशाळेत स्टेनलेसला पिटिंग होतं का हे तपासायला एएसटीएम जी४८ मध्ये फेरिक क्लोराईडचंच ६ टक्क्यांचं द्रावण वापरतात. डोसिंगला येणारं द्रावण ४० टक्क्यांच्या आसपास असतं. यूपीव्हीसी किंवा सीपीव्हीसी लाईन, एफआरपी किंवा एचडीपीई टाकी, व्हॉल्व्हला पीव्हीडीएफ. मुख्य पाईपमध्ये सोडायची नळी भिंतीलगत न संपवता पाईपच्या मध्यापर्यंत न्या आणि तिथून पुढे दहा व्यास सरळ लांबी ठेवा. भिंतीला धरून टाकलेलं फेरिक न मिसळता तळाने धावतं आणि त्याच पट्टीत पाईपला भोकं पाडतं. पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराईड आणलंत तरी नियम हाच.

हायपोक्लोराईटची लाईनही प्लास्टिकचीच. मिसळून झाल्यावर पाण्यात उरणारा क्लोरीन २ मिग्रॅ/लि पर्यंत असेल तर ३०४एल टिकतं, ४ पर्यंत ३१६एल. पण संपर्क टाकीवर झाकण असेल तर पाण्याखालच्या भागापेक्षा झाकणाखालच्या ओल्या वाफेतले पाईप आणि कंस आधी जातात. तिथे स्टेनलेस कमीत कमी ठेवा.

ब्लोअरहाऊस

हवेच्या हेडरला मात्र ३०४एल पुरेसं आहे. आत कोरडी हवा, क्लोराईडचा प्रश्न नाही. एमएस नको, कारण गंजाचे पापुद्रे सुटून डिफ्युझरच्या मेम्ब्रेनची छिद्रं बुजतात.

प्रसरणाकडे बघा. ५.५ मीटर खोलीला उन्हाळ्यात ब्लोअरमधून निघणारी हवा १०० अंशांच्या आसपास असते. ३० मीटरचा ३०४एल चा हेडर २५ वरून १०० अंशांवर गेला की सुमारे ३८ मिमी वाढतो. बेलो (वाढ सामावून घेणारा घड्यांचा लवचिक जोड) बसवा, एका टोकाला पक्का अँकर, बाकी सगळे आधार सरकते. नाहीतर ड्रॉपरच्या टी-जोडापाशी वेल्ड फाटतो. आणि ड्रॉपर पाण्याखाली पुरेसा खोल एसएसचा ठेवूनच यूपीव्हीसीला जोडा. हवा पाण्यात निवायला हवी, साठ अंशांवर यूपीव्हीसी नरम पडतं.

क्षारमापक

@ब्लोअरहाऊस, आतल्या बाजूचं तुमचं बरोबर आहे. इथे धोका बाहेरून आहे. खाडीवरच्या वाऱ्याने मीठ बसतं, पाईप १०० अंशांवर, वेल्डच्या अंगचा ताण आहेच. ऑस्टेनाइटिक ग्रेडना (३०४एल, ३१६एल यांसारख्या) साठ अंशांच्या वर अशा स्थितीत तडे जाऊ शकतात, आणि यात ३१६एल ३०४एल पेक्षा फार पुढे नाही. पावसाने धुतला जाणारा वरचा भाग बरा राहतो. क्लॅम्पखाली, शेडखाली आणि पाईपच्या पोटाला मीठ साचतं. लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) केलं तर सगळ्यात वाईट, कारण पाणी आत मुरून वाळत राहतं आणि मीठ घट्ट होत जातं.

दोन वाटा आहेत. ब्लोअरपासून हेडरचा गरम भाग २३०४ किंवा २२०५ चा करायचा. या तड्यांना डुप्लेक्स बरंच दाद देत नाही, म्हणून इथे पिटिंगचा अंक कमी असलेलं २३०४ सुद्धा चालतं. शिवाय त्याचं प्रसरणही कमी, तेवढ्याच फरकाला सुमारे २९ मिमी. दुसरी वाट म्हणजे ३१६एल वर बाहेरून इपॉक्सी फेनॉलिकचा थर. झिंकचा प्रायमर मात्र अजिबात नको, आग लागली तर तेच जस्त पाईपला फोडतं. माणसाच्या हाताला भाजू नये एवढ्यासाठीच आवरण हवं असेल तर लॅगिंगऐवजी जाळीचा कठडा लावा.

ब्लोअरहाऊस

मान्य. समुद्रकाठी हेडर उघड्यावर असेल तर ३०४एल चा माझा सल्ला मागे घेतो. देशावर, समुद्रापासून लांबच्या केंद्रांना तो लागू आहे.

निविदा_टेबल

आभारी आहे. आणखी तीन शंका. ठेकेदाराला पाण्याची चाचणी जवळच्या विहिरीच्या पाण्याने करायची आहे, आणि केंद्र सुरू व्हायला त्यानंतर चार महिने आहेत. गाळाच्या लाईनीबद्दल कोणी बोललं नाही. आणि माल खरंच ३१६एल आहे हे साईटवर कसं ओळखायचं? चुंबक लावून बघतात, तो भरवशाचा आहे का?

रूटपास

चार महिने पाणी आत ठेवलंत तर मैलापाणी यायच्या आधीच पाईप गळायला लागेल. विहिरीच्या पाण्यातले लोह आणि मँगनीज खाणारे जिवाणू वेल्डवर गाठी धरतात, गाठीखाली क्लोराईड साचतं आणि खड्डा आत पोखरत जातो. वरून टाचणीएवढं तोंड, आत पोकळी. ३०४एल आणि ३१६एल दोन्हीला हे होतं. चाचणीचं पाणी पिण्याच्या दर्जाचं, क्लोराईड ५० च्या आत असलेलं घ्या. दाब कामाच्या दीडपट. चाचणी झाली की त्याच दिवशी रिकामं करा, काहीही झालं तरी तीन ते पाच दिवसांच्या पुढे नको. मग तेलविरहित हवेने वाळवा. यासाठी आडव्या लाईनींना २०० ला १ उतार आणि सगळ्यात खालच्या जागी ड्रेन नकाशातच हवा, नंतर आठवून उपयोग नाही.

चुंबकाचं सोडून द्या. बेंड वाकवताना ३१६ सुद्धा किंचित चुंबकीय होतं, आणि ३०४ च्या नावाखाली खपवली जाणारी २०० मालिका, बाजारात जिला जे-फोर वगैरे म्हणतात, ती चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे खरा माल नापास आणि खोटा पास होऊ शकतो. एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतले घटक दाखवणारं हातातलं यंत्र) भाड्याने मिळते. तिने क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, मँगनीज काही सेकंदांत दिसतात. ३१६एल ला मॉलिब्डेनम २ टक्क्यांच्या खाली दिसलं तर माल परत. मँगनीज ५ च्या वर आणि निकेल चारेक टक्के किंवा त्याहूनही कमी दिसलं तर ती २०० मालिका. गनला कार्बन दिसत नाही, त्यामुळे '३१६' आणि '३१६एल' तिने वेगळे होत नाहीत. त्यासाठी ठिणगीवर चालणारं ओईएस उपकरण लागतं, किंवा ईएन १०२०४ चं ३.१ प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावरचा हीट नंबर (धातू ज्या घाण्यात ओतला त्याचा क्रमांक) पाईपवरच्या छापाशी जुळवा, पाईप कापण्याआधी तो नंबर दुसऱ्या तुकड्यावरही उतरवून घ्या. पाईपच तपासून थांबू नका. एल्बो, स्टब एंड आणि फिलर वायर यांतच गल्लत जास्त होते.

क्षारमापक

गाळाची लाईन. १०० एनबी, १०एस मध्ये आतला व्यास १०८.२ मिमी. २० घनमीटर तासाला म्हणजे सेकंदाला ०.६ मीटर. गाळाला हे कमी आहे, १ मीटर तरी हवा, म्हणजे तासाला ३३ ते ३५ घनमीटर. पंप मोठा घेऊन चालवण्याची वेळ कमी करा. तुमच्या आकड्यांनी ही लाईन दिवसातले २३ तास गाळाने भरून स्तब्ध आहे. त्यात प्राणवायू संपतो, सल्फेटचं सल्फाईड होतं आणि तळाच्या थराखाली खड्डे पडतात. प्रत्येक वेळी गाळ काढून झाला की शुद्ध केलेल्या पाण्याने दोन-तीन मिनिटं धुवायची सोय करा. हे केलं तर ३१६एल पुरेल. न केलं तर २२०५ लाही मी हमी देणार नाही.

रायझरला २०० एनबीत १६० घनमीटरला वेग १.२६ मीटर पडतो, तो चांगला आहे. वेट वेलमध्ये पाण्याखालचा भाग तितका त्रास देत नाही. पाण्याची रेषा आणि तिच्यावरची मोकळी जागा हा खरा त्रास. तिथे हायड्रोजन सल्फाईड ओल्या पृष्ठभागावर बसतो, जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, पीएच २ च्या खालीही उतरतो. काँक्रीट झिजतं ते यामुळेच. गाईड रेल, साखळ्या, अँकर बोल्ट हे सगळं ३१६एल च्या खाली नको, आणि हवा खेचणारा पंखा द्या.

जमिनीखालून जाणाऱ्या लाईनीला स्टेनलेस देऊच नका. खाऱ्या, दमट मातीत बाहेरून गंजतं आणि कळतही नाही. तिथे एचडीपीई पीई १०० घाला.

निविदा_टेबल

मसुदा असा बदलतोय. वेट वेलमधले रायझर आणि डिलिव्हरी ३१६एल, १०एस. मात्र उधाणाच्या नमुन्यांत क्लोराईड सतत १,००० च्या वर राहिलं तर २२०५, हा पर्यायी दर आत्ताच मागवायचा. जमिनीखाली पीई १००. हेडरचा गरम भाग २३०४, न मिळाल्यास २२०५. ड्रॉपर ३१६एल. गाळाची लाईन ३१६एल, धुण्याच्या जोडणीसह. रसायनं प्लास्टिकमध्ये. स्पूल वर्कशॉपमध्ये पिकल करून, साईटवर फ्लँज. फ्लँजांची संख्या वाढल्यामुळे स्टब एंड (पाईपच्या टोकाला वेल्ड होणारा, फ्लँजच्या तोंडाचा तुकडा) ३१६एल आणि मागची रिंग गॅल्व्हनाइज्ड एमएसची धरली आहे. चालेल ना?

रूटपास

पाण्याबाहेर चालेल, कारण रिंगला आतलं पाणी लागत नाही. वेट वेलमध्ये आणि एसबीआरच्या पाण्याखाली नाही, तिथे मोठ्या स्टेनलेसला जोडलेली छोटी जस्ताची रिंग भराभर खाल्ली जाते. त्या जागी रिंगही ३१६ ची. बोल्ट ए४-७० (३१६ च्या दर्जाचे), सोबत अँटी-सीझ पेस्ट लिहाच, नाहीतर एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर अर्ध्यात जाम होतो आणि कापावा लागतो. गॅस्केट ईपीडीएमचा, आतल्या व्यासाला अचूक. लहान कापला तर कडा प्रवाहात येते, मोठा कापला तर फट राहते आणि फटीखालचा गंज तिथूनच सुरू होतो. क्लॅम्पखाली रबराची पट्टी द्या, पण गरम हेडरवर ती सिलिकॉनची हवी. आणि रबर क्लोरीनयुक्त नको, निओप्रीन तर नकोच.